वाढत्या मापाची खोली

सुतार दोन दिवस शाळेत गुडघ्यांवर चालत होता आणि गावाने तेवढ्यात पोटभर हसून घेतलं. हसायला दुसरं काही उरलंही नव्हतं म्हणा. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि माणसं सकाळपासून झाडाखाली बसून आभाळाला शिव्या घालत होती. त्यात दाढी पिकायला आलेला बाप्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगतोय म्हटल्यावर पोरांबरोबर मोठीही दारात गोळा झाली.

"काय हरवलंय का रे?" एकाने विचारलं.

"हरवलं नाही, सापडलं," सुतार खालूनच म्हणाला. "इथे खाली बसलं की नुसती भिंत दिसते. खिडकी आहे, पण ती तुमच्या-आमच्यासाठी. पोरांना काय, खिडकीची खालची कड!"

त्याला रांगायला लावलं होतं शाळेच्या बाईंनी. बाई एकट्याच शिकवायच्या. अंगाने काडी, पण बोलायला लागल्या की समोरच्याला माघार घ्यावी लागायची. आठवड्यापूर्वी त्यांच्या हातात वरून कागद आला होता. तीन महिन्यांनी साहेब तपासणीला येतील; त्या दिवशी खोलीत वीस मुलं बसलेली दिसली नाहीत, तर शाळा बंद आणि मुलं टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेत. आज पटावर सव्वीस होती. पण दुष्काळात घरंच्या घरं कामाला बाहेर पडतात आणि पोरांना सोबत नेतात, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"मोठ्यांना मी थांबवू शकत नाही," बाई सुताराला म्हणाल्या होत्या. "पण पोरं हटून बसली, आम्ही आजीजवळ राहतो, शाळा सोडून येत नाही म्हणाली, तर? अशी खोली करा दादा, की पोरांचा तिथून पाय निघू नये."

गावातल्या इतरांनी कागदाचं ऐकून खांदे उडवले. सुताराने मात्र तो कागद बाईंकडून दोनदा वाचून घेतला. त्याला एकच मुलगी होती, आठ वर्षांची. दीड वर्षाची असताना ती अंगणात स्वतःभोवती फिरत राहायची, धपकन पडायची आणि उठून पुन्हा फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले. चौथ्या वर्षी ताप आला. ताप गेला, पण डावा पाय काडीसारखा करून गेला. नाव तेच राहिलं. आता बदलायचं तरी कुणी आणि कोणत्या तोंडाने!

गावची शाळा घरापासून दोनशे पावलं. तेवढं ती कुबडीवर जायची. कुबडी सुतारानेच केली होती. दांडा दोन तुकड्यांचा, त्यात बोटाबोटाच्या अंतराने भोकं आणि आडवी खुंटी. पोरगी वाढली की खुंटी काढायची आणि दांडा एक भोक वर घ्यायचा. मोठी शाळा म्हणजे ओढा ओलांडून, दगडगोट्यांतून टेकडी चढून, धडधाकट माणसाला दीड तास. ही शाळा बंद झाली की भिंगरीचं शिकणं संपलं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

*

"घराला दार नाही आणि निघाले शाळेला फळ्या लावायला!" बायको म्हणाली.

तिचं खोटं नव्हतं. सुताराच्या स्वतःच्या घराला दाराच्या जागी अजून पत्रा होता. विहिरीजवळचं झाड पडलं तेव्हा त्याने त्याच्या फळ्या पाडून तीन वर्षं सावलीत वाळवल्या होत्या. दार आणि एक पलंग, असं ठरलं होतं. आता तो त्याच फळ्या खांद्यावर टाकून निघाला होता.

"दाराचं काय, पुढच्या वर्षी करू."

"तुमचं पुढचं वर्ष मी लग्न झाल्यापासून बघतेय."

"अगं, तिचं शिकणं गेलं तर दार लावून आत काय कोंडायचंय आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी जुने कपडे फाडून तिने शाळेसाठी बसायच्या गाद्या शिवायला घेतल्या, आणि सुई बोटात घुसली की नवऱ्याच्या नावाने बोलत राहिली.

सुताराचं काम करायची एक रीत होती. तो टेप कधी वापरायचा नाही. ज्याच्यासाठी वस्तू करायची, त्याला समोर बसवून एका काठीवर खुणा पाडायचा. गुडघा इथे, कोपर इथे, हात वर केला की बोटं इथे. त्याने सव्वीस पोरांच्या सव्वीस काठ्या केल्या. पोरं रांग लावून उभी राहिली. गुदगुल्या झाल्या की खिदळायची, आणि माप घेऊन झालं की पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहायची.

"तुम्हाला काय काय हवंय ते सांगा," बाईंनी मुलांना विचारलं होतं. एकाला झोका हवा होता, एकीला शाळेत बकरी. पण रोज कोपऱ्यात बसून कुणाशी न बोलणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "मला लपायला जागा पाहिजे." सुताराने ते लक्षात ठेवलं.

पुस्तकांची मांडणी त्याने उतरती केली. पुस्तकांची तोंडं पुढे. पुस्तकाची पाठ बघून काय कळणार, चित्र दिसलं तर पोर हात घालेल. सगळ्यात खालच्या फळीखाली त्याने एक पोकळी सोडली, आत गादी टाकली, आणि न बोलणारा मुलगा पहिल्या दिवशी जो आत शिरला तो जेवायच्या सुट्टीतही बाहेर येईना. भिंतीचा खालचा पट्टा काळा करून खडूने रेघोट्या ओढायला मोकळा ठेवला. बाक बुटके, दोघादोघांचे, खाली पाय टेकायला फळी.

भिंगरीचा डावा पाय त्या फळीपर्यंत पोचायचा नाही. लोंबकळून दुखायचा. म्हणून तिच्या बाकाला त्याने फळीच्या वर, डाव्या बाजूला, एक वेगळी रुंद पट्टी बसवली. पट्टीच्या दोन्ही टोकांना बाकाच्या पायांत भोकं, कुबडीसारखीच.

"पाय लांब झाला की एक भोक खाली," तो म्हणाला.

भिंगरीने पट्टीवर पाय ठेवला आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ काढली. "आता ही माझी. दुसऱ्याचा पाय यात बसणारच नाही."

खिडकीचं काम बायकोच्या भावाने केलं. तो गवंडी होता. हात मोठे, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्याने खिडकीखालची भिंत फोडून खिडकी खाली आणली, एवढी की गादीवर बसलेल्या पोरालाही ओढ्यापर्यंतचा रस्ता दिसावा. मग कंबरेवर हात ठेवून त्याने मेहुण्याचं काम पाहिलं.

"एकही खिळा नाही?"

"कशाला हवाय खिळा? फळीच्या टोकाचा कुसू खाचेत बसवलाय, वर पाचर. हलवून बघ."

गवंड्याने मांडणी दोन्ही हातांनी हलवली. ती जागची हलली नाही. "चांगलंय. पण मी सांगू? भिंतीत गाड. बाकही जमिनीत गाड. मी सिमेंट ओततो, अर्ध्या दिवसाचं काम."

"गाडलं की मेलं ते. पोरं वाढतात की नाही? दरवर्षी फळी एक भोक वर गेली पाहिजे. दोन ठोके मारले की पाचर निघते, वर सरकव, पुन्हा ठोक."

"दोन ठोक्यांत निघतं ते कुणाच्याही ठोक्याने निघतं, दाजी."

"तू विटा रच. लाकडाचं मला शिकवू नकोस."

गवंडी हसला आणि थापी धुवायला गेला. सुताराला त्या सांध्यांचा फार अभिमान होता. बोट फिरवलं तरी कळू नये असा सांधा. तो आल्यागेल्याला दाखवायचा, पाचर काढून, पुन्हा ठोकून.

आणि खोली साधली. आता तर हसणारेही गप्प बसले. शाळा सुटली तरी पोरं घरी जाईनात. आया हाका मारून थकायच्या. बाई कुलूप हातात घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि खोटं खोटं रागवायच्या. सुताराला वाटलं, जमलं आपल्याला. कितीतरी वर्षांनी त्याला असं वाटलं होतं.

*

पाऊस आला नाही. दोनदा आभाळ भरून आलं, वारा सुटला, धूळ डोळ्यांत गेली आणि आभाळ पुन्हा कोरडं ठणठणीत.

माणसं निघायला लागली. आधी दोन घरं, मग एकदम चार. पोरांनी खरंच हट्ट धरला. न बोलणारा मुलगा पोकळीत जाऊन बसला आणि आई ओढायला आली तर तिला चावला. शेवटी ती त्याला आजीजवळ ठेवून गेली. बाई दारोदार फिरल्या. म्हाताऱ्यांचे पाय धरले, पोरांचं एक वेळचं जेवण मी बघते म्हणाल्या. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं. वीस. बरोबर वीस.

"कुणाला शिंक येऊ देऊ नका," त्या सुताराला म्हणाल्या. त्याही दोन महिन्यांत निम्म्या झाल्या होत्या.

तपासणीच्या सकाळी सुतार भिंगरीला शाळेत बसवून बाहेर आला, तर चौकात ट्रक उभा. कुठल्यातरी लांबच्या बांधकामावरचा. आणि ट्रकच्या मागे गावातला विहिरी खणणारा आपलं बोचकं चढवत होता. त्याची तीन पोरं त्या विसांत होती.

सुताराने त्याला लांबूनच हाक मारली. तो धावतच गेला. "अरे, आज? आज कुठे निघालास?"

"ट्रक आज आलाय."

"पोरं ठेव. आमच्याकडे ठेव. माझी बायको करेल त्यांचं."

"सगळ्यात धाकटं अजून पाळण्यात आहे, त्याला कोण सांभाळेल मग? आम्ही दोघं कामावर, तान्हं उन्हात टाकू? मोठी बसेल त्याच्यापाशी. आणि मोठीशिवाय शाळेतली बाकीची दोघं एक घास खात नाहीत, ठाऊक आहे तुला."

"बरं, दुपारपर्यंत तरी थांब. साहेब बघून जाऊ दे. नुसतं बसू दे त्यांना तासभर."

"ट्रक थांबणार आहे का माझ्यासाठी? तू थांबवतोस?"

सुतार ड्रायव्हरकडे गेला. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो काच पुसत होता. "अजून तीन गावं घ्यायचीत," एवढं म्हणाला. सुतार परत आला आणि भर चौकात, सगळ्यांच्या देखत, विहिरी खणणाऱ्याच्या पायांशी वाकला. पाय धरले. मातीने फुटलेले, भेगाळलेले पाय.

"ऊठ रे," तो माणूस कावराबावरा होऊन म्हणाला. "ऊठ, लाज आणू नकोस मला. वर्षभर मी एक विहीर खणली नाही. पाणीच नाही तर विहीर कोण खणतं? तुझ्या पोरीचं मला कळतंय. पण मी काय करू, सांग तू."

सुताराने त्याचे पाय सोडले. तो माणूस शाळेत गेला आणि तिघांना दंडाला धरून घेऊन आला. मोठी रडली नाही. मधला मात्र ट्रकमध्ये चढवेपर्यंत ओरडत होता, "माझं चित्र अर्धं राहिलंय, माझं चित्र अर्धं राहिलंय!"

तासाभराने साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. खोलीत शिरला, चपला काढल्या, आणि एवढा मोठा साहेब खाली गादीवर बसला. खिडकीतून बाहेर पाहिलं. पोकळीत वाकून डोकावला. काळ्या पट्ट्यावरचं अर्धं चित्र पाहिलं. मांडणीवरून हात फिरवत म्हणाला, "इतक्या शाळा फिरलो, असं काम कुठे पाहिलं नाही. कुणी केलं हे?"

"मी, साहेब."

"सांधा दिसतसुद्धा नाही."

आणि सुताराला, त्या घटकेलाही, बरं वाटलं. त्याने पाचर ठोकून काढून दाखवली आणि पुन्हा बसवली. पुढे कितीतरी दिवस त्याला याचीच लाज वाटत राहिली.

साहेबाने मुलं मोजली. सतरा. पुन्हा मोजली. बाई काहीतरी बोलू पाहत होत्या. सकाळपर्यंत वीस होती, ट्रक आला, तिघं परत येतील. साहेब मान हलवत ऐकत राहिला.

"बाई, मला वाईट वाटतंय. पण मी समोर दिसतील तीच लिहू शकतो."

उठताना त्याने पुन्हा एकदा खोलीवर नजर फिरवली. "आणि हे सामान इथे पडून राहिलं तर वाळवी लागेल. असं काम वाया जाता कामा नये. मोठ्या शाळेत हलवायला सांगतो. सुटतंय ना हे सगळं? मग सोपं आहे."

*

बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी भिंगरीला तीन पुस्तकं दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघाल्या.

सुताराने मोठ्या शाळेचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका पहाटे भिंगरीला पाठीवर घेऊन निघाला. ओढ्यात दगडांवर दोनदा घसरला. टेकडीच्या निम्म्यात त्याची छाती भात्यासारखी व्हायला लागली.

"बाबा, मी उतरू का?"

"उतरून काय करशील?"

"तुम्ही दमलात."

"मी नाही दमलो. गप्प बस."

पोचेपर्यंत शाळेची पहिली सुट्टी झाली होती. परत येताना ऊन डोक्यावर. दुसऱ्या दिवशी त्याला अंथरुणातून कंबर उचलता येईना, आणि भिंगरीच्या मांड्यांना आतून सोलवटलं होतं. तिनेच आईला सांगितलं, "मी नंतर जाईन. रस्ता झाला की." कुठला रस्ता, आणि कोण करणार होतं!

सामान न्यायला टेकडीला लांबचा वळसा घालून ट्रॅक्टर आला तेव्हा सोबतच्या दोन गड्यांनी उचकटायला सब्बल काढली.

"सब्बल लावू नका," सुतार म्हणाला. "खाचा फुटतील. मी सोडवून देतो."

दोन महिने लागलेलं काम दुपारपर्यंत सुटलं. दोन ठोके, पाचर बाहेर. दोन ठोके, पाचर बाहेर. त्याने प्रत्येक फळीवर खडूने खूण केली, म्हणजे तिकडे जुळवताना चुकायला नको. गवंडी मदतीला आला होता. तो गाडीत फळ्या चढवत होता. मी सांगितलं होतं, असं तो एकदा जरी म्हणाला असता तर सुताराला बरं वाटलं असतं. शेवटी खोलीत उरली ती गवंड्याने खाली आणलेली खिडकी. तेवढी नेता येण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सामान जुळवायला सुतार टेकडी चढून गेला. मोठ्या शाळेचे हेडमास्तर घाईतले गृहस्थ होते. एका हातात किल्ल्या, एका हातात घंटा. "या या, तुमचं फार ऐकलंय. मांडणी ऑफिसात लावा, रजिस्टरं ठेवायला जागाच नाही. आणि फळ्या जरा वर घ्या हो, वाकायला लागतंय. वर जातात ना?"

"जातात."

सुताराने फळ्या सगळ्यात वरच्या भोकाला नेल्या. इतक्या वर की भिंगरी आणखी सात वर्षांनी उभी राहिली असती तरी तिचा हात पोचला नसता. पोकळीच्या जागी हेडमास्तरांनी जुन्या पेट्या सरकवल्या. मग ते बाकांच्या रांगेतून पाहत पाहत गेले आणि एका बाकाशी थांबले.

"ही आडवी पट्टी कसली? एकाच बाजूला? चुकून लागली वाटतं."

सुताराने तोंड उघडलं. सांगायचं होतं की चुकलेलं नाही. सगळ्या खोलीत एवढीच एक गोष्ट अशी होती, की ज्यासाठी बाकीचं सगळं केलं होतं. पण समोरचा माणूस घड्याळाकडे बघत होता आणि बाहेर पोरांचा गलका चालला होता.

"मुलं अडखळतील हो. काढून टाका तेवढी."

दोन ठोके मारायचीही गरज पडली नाही. एका ठोक्यात पट्टी हातात आली. त्याने ती हत्यारांच्या पिशवीत, ढलप्या-तुकड्यांत खाली दाबली.

*

घरी आला तेव्हा उन्हं उतरत होती. भिंगरी दारातल्या पत्र्याला टेकून बसली होती. त्याला पाहताच कुबडी पुढे करून उठू लागली.

"बस बस. उठू नकोस."

"लावलं सगळं? कसं दिसतं तिकडे?"

"छान दिसतं."

"माझा बाक कुठे ठेवलात?"

"खिडकीजवळ," सुतार म्हणाला. एवढा वेळ वाटेत त्याने हेच उत्तर ठरवलं होतं.

"मी येईपर्यंत तिथे कुणाला बसू देऊ नका म्हणून सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

तो हातपाय धुवायला मागे गेला. बादलीत वितभर पाणी होतं. त्यातलं ओंजळभर घेऊन त्याने तोंडावर मारलं आणि तसाच ओणवा राहिला. आत बायकोने नेहमीप्रमाणे त्याची पिशवी चुलीपुढे उपडी केली. कामावरून आला की ढलप्या आणि तुकडे जाळायला काढून घ्यायची तिची सवय होती. हत्यारं एका बाजूला सारली, तुकडे दुसऱ्या. पट्टी तिने हातात घेतली, चुलीत सारायला वाकली.

"आई, थांब."

सुतार ओलं तोंड घेऊन आत आला तेव्हा पट्टी भिंगरीच्या हातात होती. पेन्सिलीची रेघ तशीच होती. बायको एकदा पट्टीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती आणि तिला सगळं समजलं होतं. ती चुलीकडे तोंड करून बसली आणि उगाच फुंकर घालत राहिली.

सुतार उंबऱ्याशी बसला. लेकीशी खोटं बोललो, तेही पकडलं गेलं. तो वाट बघत होता की ती रडेल, ओरडेल, पट्टी फेकून देईल.

भिंगरीने पट्टी जमिनीवर ठेवली. दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि रेघेत नीट बसवून पाहिला. टाच रेघेला लागली. बोटं मात्र रेघेच्या बाहेर आली, अर्ध्या नखाएवढी. तिने वाकून पुन्हा पुन्हा पाहिलं. ताप गेल्यापासून तो पाय वाढतो की नाही याची घरात कुणालाच खात्री नव्हती.

"बाबा, वाढलाय," ती म्हणाली. "बघा ना, खरंच वाढलाय. आता एक भोक खाली घ्यायची ना?"

"हो," सुतार म्हणाला.

भोकं त्या बाकाला होती, टेकडीपलीकडे.